पाण्याची ओटी

पाण्याला भ्यायचं नसतं, हे भागीरथेला कोणी शिकवायची गरज पडली नव्हती. वैनगंगेच्या काठी, पवनीच्या खालच्या अंगाला ढिवरांची, म्हणजे मासेमारांची, काही घरं होती, त्यातलं एक तिचं माहेर. चालायच्या आधी ही पोहायला लागली, असं तिची आई सांगायची. आईचं सांगणं थोडं वाढवून असायचं, पण फार नाही.

अशी ही बाई एका पावसाळ्यात पाण्याकडे पाहायला भिऊ लागली. सकाळी तळ्याच्या पाळीवर, म्हणजे काठच्या बांधावर यायची, डोळे मिटून घ्यायची आणि हळूहळू उघडायची. पाण्यावर पांढरं काही दिसलं की पाठ फिरवायची.

तिचा नवरा देवीदास भिलाईला आला तेव्हा कारखाना म्हणजे नुसते खड्डे होते. आधी त्याने ते खणले, मग त्यांत उभ्या राहणाऱ्या लोखंडाला दोर बांधून वर चढवणाऱ्या टोळीत त्याला काम मिळालं. बरोबर आलेले भंडाऱ्याकडचे लोक बराकींत राहिले. देवीदासने मात्र बोरसीच्या पलीकडे बंधवा नावाचं तळं पाहिलं आणि त्याचे हात खाजायला लागले. तळं होतं भय्याजींचं. भय्याजी म्हणजे त्या गावचे गौंटिया, आपल्याकडचा पाटीलच म्हणायचा. त्यांच्याकडून देवीदासने तळं अर्धलीने, म्हणजे निम्म्या मासळीच्या बोलीवर घेतलं, पाळीवर झोपडी बांधली, आणि सायकलवरून ड्यूटीला जाऊ लागला. तळ्याचं सगळं भागीरथेच्या अंगावर आलं. तिला ते हवंच होतं.

शेजारी दुसरी झोपडी शकुबाईची. ती तुमसरकडची. तिचा नवराही त्याच टोळीत. परमुलखात आपली भाषा बोलणारी एवढी एकच बाई, म्हणून भागीरथा तिच्याशी फार जपून असायची. शकुबाईच्या तोंडात तीळ भिजत नाही, हे ठाऊक असूनही.

भट्टीतून लोखंडाचा पहिला रस निघाला त्याच्या दुसऱ्या वर्षीची ही गोष्ट. आषाढाच्या तोंडाशी पाऊस आला आणि मग त्याने दडी मारली. धानाची रोपं वीतभर झाली होती, त्यांच्यावर अळी पडली. आज हिरवा दिसलेला वाफा उद्या सकाळी नुसता काड्यांचा. गावातले लोक डोक्याला हात लावून बसले. तेव्हा सायकलच्या कॅरिअरला खोकं बांधून एक तरुण माणूस आला, विजयकुमार ठवरे. शेतकी खात्यात किडींचा अभ्यास करणारा. गाव त्याला लगेच ‘अळीवाला साहेब’ म्हणू लागलं. भिवापूरकडचा, नागपुरात दीक्षा घेतलेल्या घरातला. हे भय्याजींना कळलं होतं, आणि त्यांनी त्याला पाणी वेगळ्या पेल्यातून दिलं होतं. पण त्याने पांढरी पावडर आणली, हाताने फिरवायच्या यंत्राने ती वरच्या शेतांवर धुरळून घेतली, आणि दोन दिवसांत अळ्या वाफ्यात पडून काळ्या झाल्या. धान वाचलं. भय्याजींनी चावडीवर सांगून टाकलं की हरेलीच्या दिवशी साहेबाला शाल आणि नारळ द्यायचा. पेल्याचा विषय मग कोणी काढला नाही.

हरेली म्हणजे आपल्याकडची जिवतीची अवस. आपल्या बाया त्या दिवशी भिंतीला जिवतीचं चित्र लावून लेकरांना ओवाळतात. इकडे त्या दिवशी नांगर, कुदळी धुऊन पुजतात आणि दाराला कडुनिंबाची डहाळी खोचतात, कारण त्या रात्री टोनही फिरते असं मानतात. टोनही म्हणजे चेटकीण.

त्याच सुमारास देवीदासने बोटुकली आणून तळ्यात सोडली. बोटाएवढी रोहूची, कतल्याची पिल्लं. पिल्लं सोडली की घरच्या बाईने पाण्याची ओटी भरायची, ही भागीरथेच्या माहेरची रीत. मूठभर तांदूळ, एक हळकुंड, कडुनिंबाचा पाला, हे कोऱ्या पांढऱ्या फडक्यात बांधायचं, त्यात दगड घालायचा, आणि उजाडायच्या आत पाण्यात सोडून दोरी खुंटीला बांधायची. जाताना नि येताना तोंडातून शब्द काढायचा नाही. बोललं की ओटी बाटली.

तांदूळ होते, हळकुंड होतं. कोरं फडकं नव्हतं. घरात जे होतं त्याला घाम लागलेला होता.

पावडरीची पोती भय्याजींच्या वाड्यामागे पडली होती. वरून गोणपाट आणि आत मांजरपाटाची पिशवी. पिशव्या पुरून टाका, असं साहेब सांगून गेला होता. गड्यांनी काही पुरल्या, काही कुंपणाशी तशाच टाकल्या. भागीरथेने पाहिलं आणि तिचा जीव हळहळला. पांढरं शुभ्र कोरं कापड, मातीत घालायचं? तिने एक पिशवी उचलली, सोडा लावून दगडावर आपटून आपटून धुतली, उन्हात वाळवली. जरा उग्र वास राहिला. नव्या कापडाचा असेल, असं तिला वाटलं.

दुसऱ्या दिवशी अंधुक उजेडात ती ओटी घेऊन उतरली. गुडघाभर पाण्यात जाऊन तिने पुरचुंडी सोडली. मागे वळली तर पाळीवर शकुबाई लोटा घेऊन उभी.

“काय टाकून राहिली व, भागीरथा?”

भागीरथेने नुसती मान हलवली.

“अवं, मी तुलेच इचारून राहिली. पाण्यात काय सोडलं?”

भागीरथेने पदर तोंडावर धरला आणि ती भरभर झोपडीकडे गेली. घरात गेल्यावर ती बोलू शकत होती. बाहेर येऊन शकुबाईला सांगावं असं तिच्या मनातही आलं. पण चुलीवर आधण होतं, देवीदासची कारखान्यात पहिली पाळी होती, आणि तेवढ्यात राहून गेलं.

दुपारी पावसाने तोंड उघडलं. दडी मारलेला सगळा पाऊस एकदमच आला. वरच्या शेतांचे बांध फुटले, ओढा तांबडा होऊन तळ्यात घुसला. पाऊस थांबला त्या सकाळी भागीरथा पाळीवर आली तेव्हा बोटुकली पाण्यावर तोंड काढून गरगर फिरत होती, जशी पोरं डोळे बांधून फिरतात. मोठे मासे काठाला येऊन आडवे पडत होते. दुपारपर्यंत ओढ्याच्या तोंडाशी पोटं वर आलेल्या माशांचा पांढरा थर जमला.

भागीरथेचं लक्ष खुंटीकडे गेलं. दोरी ताणलेली होती, खाली ओटी होती. त्या पिशवीचा वास तिला आत्ता, एवढ्या लांबून, नाकात शिरल्यासारखा वाटला.

गावात पहिल्या दिवशी लोक म्हणाले, पाऊस बाधला. दुसऱ्या दिवशी म्हणाले, नजर लागली. तिसऱ्या दिवशी विहिरीवर भागीरथा गेली तेव्हा बाया बोलायच्या थांबल्या. एका बाईने आपलं तान्हं पदराखाली ओढून घेतलं. तेव्हा भागीरथेला कळलं की शकुबाई बोलली आहे.

भांडायचं म्हणून ती तिच्या दारात गेली, पण शकुबाईने दार अर्धंच उघडलं.

“शकू, थे ओटी होती बापा! आपल्याकडची रीत हाय.”

“आमच्या तुमसरात नाही अशी रीत.”

“ढिवराच्या घरची हाय. तू ढिवर थोडीच हायेस?”

“मंग बोलली कावून नाही? तोंड कावून झाकलं? मी का वाघ होती?” शकुबाईचा आवाजच कापत होता. “मले लेकरं हायेत, भागीरथा. मी पाह्यलं थेच सांगतलं. जाय तू आता.”

ती भांडली असती तर बरं झालं असतं. ती भीत होती, हे भागीरथेला जास्त लागलं.

गावात सुखराम नावाचा बैगा होता. साप उतरवायचा, सुपात दाणे उडवून चोर सांगायचा. त्याने भय्याजींना सांगितलं की पाण्यात हात घालणारीचं नाव आपण हरेलीला काढू. एकदा नाव निघालं की काय होतं ते भागीरथेने दुर्गच्या बाजारात पाहिलं होतं. कुठल्याशा गावची एक बाई भाज्यांच्या रांगेच्या शेवटी बसली होती, पदर हनुवटीपर्यंत ओढून. वाऱ्याने पदर उडाला तेव्हा डोक्यावर केस नव्हते. लोक तिच्याकडून भाजी घेत नव्हते आणि तिला उठवतही नव्हते. ती नुसती बसली होती.

देवीदासला तिने म्हटलं, “आपण पवनीले जाऊ. आजच.”

“पळालो का खरं ठरते,” तो म्हणाला. “अन् माही ड्यूटी?” तो लोखंडाच्या उंच सांगाड्यावर बिनधोक चालणारा माणूस, पण त्या संध्याकाळी त्याने अर्धी भाकर तशीच ठेवली. “तू मले खरं सांग. ओटीत काय काय होतं?”

“तांदूळ. हळकुंड. पाला.”

“अन् फडकं?”

“कोरं होतं,” ती म्हणाली. पिशवीचं नाव तिने काढलं नाही. नवऱ्यालाही सांगायची तिला भीती वाटली. सांगितलं की ते खरं होईल, आणि मग आपण खरंच ती बाई, पाण्यात विष घालणारी.

हरेलीला दोन दिवस उरले असताना विजयकुमार धान पाहायला आला. मेलेल्या माशांचा वास त्याला वाटेवरच लागला. शेताकडे न जाता तो सरळ पाळीवर चढला, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि ओढ्याच्या तोंडाशी उतरला. मासे उचलून कल्ले उघडून पाहू लागला. जमलेल्यांपैकी एक म्हातारा म्हणाला, “साहेब, मासळीची नाडी कुठं राहते?”

“शेपटीत,” विजयकुमार म्हणाला. लोक हसले. तोही हसला. “मी अळीचा माणूस, पण मासळीच्या दुखण्यांचंही शिकलोय थोडं. काही महिने तळ्यांवरच होतो.” त्याने भिंगातून कातडं न्याहाळलं. “याला फोड नाहीत, ऊ नाही. रोग नाही हा. पाण्यात काहीतरी गेलंय. कोणी काही टाकलं का?”

सगळ्यांच्या माना एकदम वळल्या. भागीरथा झोपडीच्या दाराशी उभी होती, तिला वाटलं आपल्या पायाखालची पाळ सरकतेय. शकुबाईने बोट केलं नाही, पण करायची गरजही नव्हती.

विजयकुमारने दोन मटकी मागवली. एकात तळ्याचं पाणी, एकात विहिरीचं. दोन्हींत विहिरीजवळच्या डबक्यातले जिवंत मासे सोडले आणि भागीरथेच्याच झोपडीच्या सावलीत मटकी ठेवली. “हात लावू नका,” म्हणाला. मग पोरासोरांना पांगवून तो खाटेवर टेकला.

“ताई, तुम्ही कुठल्या?”

“पवनीची.”

“म्हणजे आमच्याच अंगणातल्या. मी भिवापूरकडचा.” त्याने मटक्यांत डोकावून पाहिलं. तळ्याच्या पाण्यातला मासा फिरायला लागला होता. “लोक तुमच्याकडे कावून पाहतात?”

तिने पदर कपाळावर पुढे ओढला.

“पाणी कोणी बाटवलं, हे मी लहानपणी फार ऐकलंय,” तो म्हणाला. “आमच्या वस्तीवरच यायचं ते. एकदा विहिरीत मांजर मेलं होतं. मार आमच्या बापाने खाल्ला.”

भागीरथा आत गेली. आदल्या दिवशी भरदुपारी, सगळे शेतात असताना तिने दोरी कापून ओटी बाहेर काढली होती आणि धानाच्या कोठीमागे लपवली होती. रात्रभर ती मनात म्हणत होती, चुलीत घालू, नदीत फेकू, मातीत पुरू. एकही गोष्ट तिच्याने झाली नाही. आता तिने पुरचुंडी आणून त्याच्या पायाशी ठेवली.

“थे फडकं तुमच्या पावडरीचं हाय, साहेब. मी धुतलं होतं. लय धुतलं होतं.”

विजयकुमारने पुरचुंडी नाकाशी नेली. त्याचा चेहरा उतरला. त्याने तिसरं मटकं मागितलं, विहिरीचं पाणी भरलं, त्यात मासा सोडला आणि पिशवीचा एक तुकडा टाकला. तो मासा सगळ्यांत आधी मेला.

भागीरथा खाली बसली. जे तिला आतून ठाऊक होतं ते आता पाण्यावर तरंगत होतं. विजयकुमार मात्र उठून सायकल घेऊन वरच्या शेतांकडे गेला. बऱ्याच वेळाने आला तेव्हा पायांना चिखल होता आणि हातात गढूळ पाण्याची बाटली होती. त्याने पुरचुंडी आपल्या खोक्यात ठेवली आणि खोकं कॅरिअरला बांधलं.

“हे मी घेऊन जातो. हरेलीला येतोच.”

“साहेब, काय सांगसान तुम्ही लोकायले?”

“बघू,” एवढंच तो म्हणाला, आणि गेला.

त्या ‘बघू’ने भागीरथेचा उरलासुरला धीर गेला. तिच्या गुन्ह्याचा पुरावा आता त्याच्या खोक्यात होता. हरेलीला ज्याच्या खांद्यावर शाल पडणार, तो आपल्याच पावडरीकडे बोट कशाला दाखवील? पिशवी वर धरायची आणि म्हणायचं, पुरा म्हणून सांगितलं होतं, हिने पाण्यात टाकली. एवढंच. त्यात खोटंही काही नव्हतं.

हरेलीच्या सकाळी भय्याजींच्या अंगणात नांगर, वखर, कुदळी धुऊन रांगेत मांडल्या होत्या. रांगेच्या शेवटी ते धुरळायचं यंत्रही होतं, त्यालाही हळद लावली होती. पोरं गेडीवर, म्हणजे बांबूच्या उंच पायांवर, चिखलातून चालत होती. एका बाजूला पाटावर शाल आणि नारळ, दुसऱ्या बाजूला सुखराम बैगा सूप घेऊन बसलेला. भागीरथेला बोलावणं आलं होतं. देवीदास पाळी बुडवून बरोबर आला. बायांनी दोघांसाठी जागा केली, एवढी जागा की आजूबाजूला कोणीच उरलं नाही. झोपडीतून निघताना तिने पाहिलं होतं, सगळ्यांच्या दारांना निंबाची एक एक डहाळी होती. तिच्या दाराला कोणीतरी दोन खोचल्या होत्या.

भय्याजींनी शाल उचलली. विजयकुमारने हात जोडले. “शाल मागून. आधी मला थोडं बोलायचं आहे.” त्याने सायकलवरून मटकी उतरवली आणि मांडली. मग तो लोकांकडे वळला. भागीरथेची नजर जमिनीवर होती, म्हणून तिला त्याचे पाय दिसले. पँटची घडी थरथरत होती. हा बाप्या आपल्याइतकाच भ्यालाय, हे तिला तेव्हा समजलं.

“यात विहिरीचं पाणी,” तो म्हणाला. “आणि यात वरच्या शेतात साचलं होतं ते. मासा सोडतो, तुम्हीच बघा.”

लोक ओणवे झाले. शेतातल्या पाण्यात पडलेल्या माशाने दोनदा गिरकी घेतली, आणि तो कलंडू लागला.

“अळी मारायला पावडर मी दिली. पोतीच्या पोती वर मारली, माझ्या सांगण्यावरून. पाऊस आला, बांध फुटले, ती सगळी बंधव्यात उतरली. अळीला जे मारतं ते मासळीला आधी मारतं, हे मला ठाऊक होतं. तुम्हाला सांगायचं मी विसरलो. पाऊस दिसला की बांध भक्कम करा, पाणी तळ्याकडे सोडू नका, एवढंच सांगायचं होतं.”

पाण्यात विष गेलं, आणि ते घालणारा, पेला वेगळा ठेवलेला माणूस, समोर उभा राहून सांगतोय, मीच घातलं. भय्याजींच्या हातातली शाल लोंबत होती.

सुखराम बैगाने मान वर केली. “अन् त्या बाईने टाकलं ते?” त्याने छत्तीसगढीत विचारलं. “पुरचुंडी?”

भागीरथेने देवीदासचं मनगट धरलं.

विजयकुमारने पुरचुंडी काढली, लपवली नाही. “हे पावडरीच्या पिशवीचं कापड. पुरा म्हणालो, कशासाठी पुरायचं ते सांगितलं नाही. कोरं कापड कोण पुरेल? याने मटक्यातला मासा मरतो, मी पाहिलं. पण चिमूटभर मिठाने भाजी खारट होते, विहीर होत नाही. बंधवा या चिंधीने मरत नाही. बंधवा माझ्या पोत्यांनी मेला. नाव काढायचं असेल तर माझं काढा.”

“म्हणजे,” भय्याजी सावकाश म्हणाले, “आमचं धान तुम्ही वाचवलं, अन् मासळी तुम्ही मारली?”

“हो.”

“मग शालीचं काय करू?”

मागून त्याच नाडीवाल्या म्हाताऱ्याचा आवाज आला, “अर्धी फाडून द्या, गौंटिया!”

कोणीतरी फिसकन हसलं, मग दुसरं, मग अंगणभर हसू गेलं. ते काही मायेचं हसू नव्हतं, पण त्या हसण्याने बांधून ठेवलेलं काहीतरी सुटलं. सुखराम शहाणा माणूस. वारा कुठे वाहतोय ते त्याला दाण्यांआधी कळायचं. त्याने सुपातले दाणे एकदा उडवले, पाहिले, आणि सूप पालथं घातलं.

“आज दाना नइ बोलत हे,” तो म्हणाला. आज दाणे बोलत नाहीत.

शाल त्या दिवशी दिली गेली नाही. भय्याजींनी ती घडी करून आत पाठवली. विजयकुमार मटकी बांधून एकटाच सायकलवर निघाला. त्याला कोणी थांबवलं नाही, चहा विचारला नाही. अंगणाच्या बाहेर भागीरथा उभी होती. तिने नुसता सायकलच्या कॅरिअरला हात लावला, जसा देवळाच्या उंबऱ्याला लावतात. विजयकुमार संकोचला. “असं नका करू, ताई,” म्हणाला, आणि घाईने पायडल मारलं.

भीती अशी एका दिवसात जात नाही. शकुबाई पुढे कित्येक दिवस लेकरांना पाळीवर येऊ देत नव्हती. विहिरीवर भागीरथेची पाळी आली की बाया आपले हंडे उगाच बाजूला करायच्या. ती स्वतःही एकटी पाण्यात उतरत नव्हती. पण विजयकुमार येत राहिला. शेतांचं पाणी तळ्यात न येता बाजूने जावं म्हणून त्याने चर आखून दिला, आणि तो खणायला देवीदास आपल्या टोळीतले गडी सुट्टीच्या दिवशी घेऊन आला. तळ्यात चुना टाकला. पावडर मारायची झाली की आता लोक आधी आभाळ पाहायचे, मग बांध. आणि रिकाम्या पिशव्या पुरल्या की नाही, हे पाहायला भागीरथा स्वतः जायची. उन्हाळ्यात बंधव्यात जाळं ओढलं तर वाचलेले रोहू हातभर झालेले निघाले.

पहिला मासा मानाचा असतो. तो देवाला दाखवून भय्याजींच्या घरी जायचा. त्या वर्षी भय्याजींनी तो आपल्या गड्याच्या हाती दुर्गला विजयकुमारच्या खोलीवर पाठवला, आणि सोबत ती शाल. गड्याला सांगितलं, “म्हणावं, पुरी हाय. फाडली नाही.”

पुढच्या आषाढात बोटुकली सोडली तेव्हा देवीदास म्हणाला, “यंदा ओटी राहू दे व.” भागीरथेलाही तेच वाटत होतं. ती रात्रभर पडून विचार करत राहिली. मग उठली आणि आपल्या लग्नातल्या लुगड्याचा काठाकडचा तुकडा फाडला. त्याला घाम लागलेला होता, अश्रूही लागलेले होते. कोरं ते नव्हतंच. पण त्यात काय आहे ते तिला ठाऊक होतं.

ती चांगलं उजाडू देऊन उतरली. पाणी पायांना लागलं तशी ती थांबली, मग पुढे सरकली. ओटी सोडली, दोरी बांधली, मागे वळली. पाळीवर शकुबाई लोटा घेऊन उभी होती. या वेळी तिने काही विचारलं नाही. ती नुसती पाहत होती, आणि तिच्या डोळ्यांत तीच जुनी भीती होती.

ओटीच्या वाटेवर बोलायचं नसतं. आईने, आजीने, तिच्याही आजीने पाळलेली रीत. भागीरथा गुडघाभर पाण्यात उभी राहिली आणि पलीकडच्या पाळीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने ओरडली,

“शकू! तांदूळ हाय, हळकुंड हाय, निंबाचा पाला हाय. अन् फडकं माह्या लग्नाच्या लुगड्याचं हाय. ऐकलं का व?”

“ऐकलं,” शकुबाई म्हणाली. मग लोटा खाली ठेवून ती दोन पावलं पाण्याजवळ आली.

तेव्हापासून भागीरथा दरवर्षी ओटी अशीच भरायची, ओरडून सांगत.